बदकाची शेपटी आणि आजोबांचा खुबा

मी ट्रॅक्टरचे टायर विकतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टरच नाही अशा माणसालाही मी एकदा मागचा मोठा टायर विकला आहे. त्याने तो झाडाला टांगला आणि नातवंडांना झोका करून दिला. सांगायचा मुद्दा असा, की समोरच्याला पटवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. म्हणून एप्रिलच्या शेवटी आई स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसली, तेव्हा मी तिला म्हणालो, "आजोबांचं तू माझ्यावर सोड. सोळा मेला ते दवाखान्यात असतील. आपल्या पायांनी चालत जातील."

"आपल्या पायांनी चालता आलं असतं तर ऑपरेशन कशाला करायचं?" आई म्हणाली.

आजोबांचा उजवा खुबा पार झिजला होता. चालताना ते एका पायाने आखूड असलेल्या टेबलासारखे डुगडुगायचे. कृत्रिम खुबा बसवायची तारीख त्यांनी दोनदा हुकवली होती. एकदा शरदात, कारण टोमॅटोचा सॉस बरण्यांत भरायचा होता. एकदा हिवाळ्यात, कारण बियाण्यांचे कॅटलॉग आले होते. आता दवाखान्याने सांगून टाकलं होतं, की सोळा मे हुकली तर पुढचा नंबर थेट पुढच्या हिवाळ्यात. आणि डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तोवर म्हातारा चाकांच्या खुर्चीत गेलेला असेल.

आजोबांचा नकार नव्हता. त्यांची फक्त एक अट होती. "टोमॅटो जमिनीत गेले की मी दवाखान्यात."

इथेच सगळं अडलं होतं. कारण आमच्या कॉटर बेंड गावात टोमॅटो बाहेर कधी लावायचे हे कॅलेंडर ठरवत नाही. ते बदक ठरवतं.

गावासमोर टिल्सनचा डोंगर आहे. वसंतात त्याच्यावरचा बर्फ वितळायला लागला की एका घळीत उरलेल्या बर्फाचं हुबेहूब बदक तयार होतं. आधी त्याचं डोकं जातं, मग पोट, सगळ्यात शेवटी शेपटी. शेपटी गेलेली ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने लिओनाच्या हॉटेलाबाहेरची घंटा वाजवायची. त्याला वर्षभर कॉफी फुकट. आणि घंटा वाजली की सगळं गाव खुरपी घेऊन अंगणात. घंटेच्या आधी टोमॅटो लावणाऱ्याला आयडाहोच्या कायद्याने काही शिक्षा नाही. आम्ही त्याला फक्त गावच्या अग्निशमन दलात घेत नाही. ज्याला धीर धरवत नाही त्याच्या हाती पाण्याचा पाइप कोण देणार?

त्या वर्षी बर्फ बेसुमार पडला होता. मे उजाडला तरी बदक पोटुशीच होतं. आमच्या घरात खिडक्यांच्या कट्ट्यांवर टोमॅटो, पियानोवर टोमॅटो, न्हाणीघरातल्या टबात टोमॅटो. आंघोळीला मी इनाकीकडे जायचो. इनाकी माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं घराणं मूळचं स्पेनकडचं, बास्क, पिढ्यान्पिढ्या मेंढ्या पाळणारं. मेंढ्या आंघोळ करत नाहीत, त्यामुळे त्यांचं न्हाणीघर नेहमी रिकामं असायचं.

रोज सकाळी आजोबा ओसरीवर दुर्बीण लावून बसायचे. मेचा दुसरा आठवडा लागला, बदकाचं पोट गेलं, पण शेपटी काही हलेना. मग मी माझी विक्रीकला बाहेर काढली.

"आजोबा, रेडिओवर सांगितलं, थंडी संपली."

"रेडिओवाला कुठला?"

"बॉइझीचा."

"त्याला आपलं बदक दिसतं का?"

"नाही."

"मग."

ट्रॅक्टर नसलेल्या माणसाने 'मग' म्हटलं असतं तर मीही टायर परत नेला असता. आई आतून माझ्याकडे नुसती बघत होती. रात्री उठून न्हाणीघरापर्यंत जाताना आजोबा भिंतीला धरून कसे कण्हतात, ते आम्ही दोघंही आपापल्या खोलीत पडून ऐकत होतो.

मी इनाकीकडे गेलो. आंघोळ केली आणि विचार मांडला.

"शेपटी उडवायची," मी म्हणालो.

इनाकी सँडविच खात होता. "कशाने?"

"फावड्याने. वर जायचं, तेवढा बर्फ उकरून इकडेतिकडे टाकायचा, खाली यायचं. सकाळी आजोबांना दिसेल, शेपटी गायब. दिवसभरात टोमॅटो लावून होतील. ते दवाखान्यात गेले की रोज संध्याकाळी गारठ्यापासून वाचवायला रोपांवर बादल्या पालथ्या घालायचं काम माझं."

"ओसरीवरून ती शेपटी केवढी दिसते?"

"माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी."

"मग एक फावडं बास," इनाकी म्हणाला. त्याचा हा स्वभाव मला फार आवडतो. तो कुठल्याही बेताला नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या तळापर्यंत त्याच्या पिकअपने आणि पुढे चालत आम्ही वर पोचलो. अंगठ्याचं नख तिथे चर्चएवढं निघालं. घंटेच्या मनोऱ्यासकट. इनाकीने फावड्याचा एक घाव घातला, निघालेलं ढेकूळ शांतपणे बाजूला ठेवलं आणि मागे उरलेल्या बर्फाकडे पाहिलं.

"जुलैपर्यंत होईल," तो म्हणाला.

"तोवर ते आपोआप वितळतं रे."

"म्हणूनच म्हणालो."

आम्ही फावड्याशेजारी बसून विचार केला. विचार मलाच सुचला, हे मान्य करायला हवं. बर्फ घालवायची गरज काय? तो दिसला नाही म्हणजे झालं. आणि इनाकीच्या बिशेंते काकांकडे गवताच्या गंजी झाकायच्या ताडपत्र्या होत्या. प्रचंड, तपकिरी, अगदी टिल्सनच्या खडकाच्या रंगाच्या. काका त्या आठवड्यात मेंढ्या कातरायच्या गडबडीत होते, त्यामुळे त्यांना विचारून त्रास द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं.

आम्ही त्या वर वाहून नेल्या आणि दुपार उलटेपर्यंत शेपटीला पांघरूण घातलं. कडेने दगड ठेवले, घळीच्या दोन्ही अंगांना दोर ताणले. खाली येऊन वळून पाहिलं तर डोंगर कोरा करकरीत. इनाकीने टोपी काढली. मलाही भरून आलं. माणसाने हातांनी घडवलेली एवढी मोठी थाप मी तोवर पाहिली नव्हती.

बेतात एकच बारीकशी चूक होती. तो डोंगर सगळ्या गावाला दिसतो.

सकाळी आजोबा काठी शोधत होते तेवढ्यात घंटा वाजायला लागली. डोरीनबाई वाजवत होत्या. या आमच्या गावच्या निवृत्त शिक्षिका. टोमॅटोच्या बाबतीत आजोबांचं आणि त्यांचं चाळीस वर्षांचं वैर. सभ्य वैर, म्हणजे रविवारी चर्चमध्ये एकमेकांना नमस्कार आणि मनात फक्त करपा, भुरी आणि गोगलगायी. मी धावत हॉटेलाकडे गेलो तर डोरीनबाई घंटेला लोंबकळल्याच होत्या.

"बाई, एवढी घाई काय? नीट बघून घ्या ना," मी म्हणालो.

"बघितलं. काल होती, आज नाही. एका रात्रीत गेली. माझ्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं." त्यांचे डोळे पाणावले होते.

दुपारपर्यंत बियाण्यांच्या दुकानात खताचं एक पोतं उरलं नाही. शाळा लवकर सुटली. पाद्र्यांनी चर्चच्या लॉनवरच वाफा खणला. डाकवाला दिसेनासा झाला, तो टपाल कार्यालयामागे गुडघ्यांवर बसलेला सापडला. आमच्या गावात माणसांपेक्षा टोमॅटोची रोपं कितीतरी जास्त आहेत, आणि संध्याकाळपर्यंत ती झाडून सगळी उघड्यावर आली. माझ्यामुळे.

आजोबांनी दुर्बीण लावली. खूप वेळ लावली. एवढा वेळ त्यांनी आजीच्या लग्नातल्या फोटोकडेही पाहिलं नसेल. मी शेजारी उभा राहून उगाच शिट्टी वाजवत होतो.

"हं," आजोबा म्हणाले. "खड्डे काढ. खोल काढ. गळ्यापर्यंत पुरायचे."

मी गळ्यापर्यंतच पुरला गेलो होतो, पण खड्डे काढले.

पहिले दोन दिवस बरे गेले. हवा उबदार होती. फक्त डोरीनबाईंनी लिओनाच्या हॉटेलात फुकटची कॉफी पिताना सांगितलं, की वारा सुटला की त्यांना टिल्सनचा डोंगर श्वास घेताना दिसतो. सगळ्यांनी त्यांना डोळे तपासायला सांगितलं. त्या शेजारच्या गावी जाऊन तपासून आल्या आणि नवा चष्मा घेऊन आल्या. नव्या चष्म्यातून डोंगर आणखी स्पष्ट श्वास घेत होता. मग त्यांनी तो विषय कायमचा सोडला.

पंधरा तारखेला दुकानात टायर मोजताना रेडिओवर ऐकलं. आज रात्री आकाश निरभ्र, पहाटे पारा गोठणबिंदूच्या खाली, सगळीकडे दहिवर गोठणार. टोमॅटोला एवढं पुरतं. सकाळी ऊन पडलं की पानं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोळतात.

मी दुकान टाकून गावभर सुटलो. "झाका, झाका, आज रात्री गारठा आहे."

"कोण म्हणतं?"

"रेडिओ."

"बदक गेलंय," लोक म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

डोरीनबाई कुंपणापाशी वाफ्यातले खडे वेचत होत्या. मी त्यांना हात जोडले.

"कोल्बी बाळा," त्या म्हणाल्या, "दुसरीत तू माझ्या वर्गात होतास. तेव्हाही तू ओरडत आला होतास की शाळेला आग लागली."

"लागली होती ना बाई."

"बारीकशी होती. तू फार ताणतोस."

आता गावाला एकाच प्राण्याचं ऐकायची सवय. मग त्याच प्राण्याला परत आणायला हवं होतं. मी इनाकीला गाठलं.

"बदक परत बसवायचं."

"कधी?"

"आत्ता. अंधार पडायच्या आत गावाला दिसायला हवं."

इनाकीने हातातली मेंढी खाली ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली.

वर पोचलो तर बिशेंते काका ताडपत्रीवर मांडी घालून चीज खात बसले होते. कातरणी संपली होती, आठवड्याअखेर पावसाची बातमी होती, गंजी उघड्या होत्या. माग काढत ते थेट इथे आले होते.

"माझ्या ताडपत्र्या इथे काय करतायत?" त्यांनी विचारलं.

"बर्फ झाकतायत काका," इनाकी म्हणाला.

"का?"

"म्हणजे दिसू नये."

काकांनी चीजचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. आयुष्यातली चाळीस वर्षं मेंढ्यांबरोबर काढलेल्या माणसाला कशाचंच फार नवल वाटत नाही. "आणि आता?"

"आता दिसावा."

"बरं," काका म्हणाले आणि दोर सोडायला लागले.

खाली शेपटी तशीच्या तशी होती. उलट पांघरुणात तिची तब्येत सुधारली होती. शेवटची ताडपत्री ओढली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं आणि अख्खी शेपटी गुलाबी झाली. आम्ही गाडीपर्यंत पोचलो नाही तोच खालून घंटा ऐकू आली. डोरीनबाईच. इतिहासात पहिल्यांदा घंटा उलटी वाजत होती.

आम्ही गावात शिरलो तर अंगणाअंगणांत धांदल. चादरी, टेबलक्लॉथ, कढया, पिंपं, काऊबॉय टोप्या. पाद्री प्रार्थनागीतवाल्यांचे झगे वाफ्यावर अंथरत होते. डाकवाल्याने रोपांवर टपालाच्या थैल्या घातल्या होत्या, रिकाम्या आहेत का हे कोणी विचारलं नाही. जो तो एकमेकाला सांगत होता, "डोंगराने इशारा दिला." मला इतकं हलकं वाटलं, की मी घरापर्यंत जवळजवळ नाचत गेलो.

आजोबा आमच्या वाफ्यात पालथ्या बादलीवर बसले होते. बाकीच्या बादल्या रोपांवर घालून झाल्या होत्या. आई दारात उभी होती, हातात त्यांची दवाखान्याची पिशवी आणि तोंड पांढरंफटक.

"मी उद्या येत नाही," आजोबा म्हणाले. "सकाळी ऊन आल्याबरोबर बादल्या उचलाव्या लागतात. नाहीतर आत शिजतात."

"बाबा, ही शेवटची तारीख आहे."

"बदक परत आलंय. टोमॅटो अजून जमिनीत गेले असं धरता येणार नाही."

आईने पिशवी पायरीवर ठेवली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. भांडी नव्हती. तिने नुसताच नळ सोडला होता.

मग मात्र माझी विक्रीकला संपली. मी आजोबांच्या समोर मातीत बसलो. "आजोबा, बदक कुठे गेलंच नव्हतं. मी आणि इनाकीने—"

"ताडपत्री," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मधल्या ताडपत्रीला हिरवं ठिगळ होतं. डोंगराला ठिगळ नसतं. आणि तू वाकून दगड ठेवत होतास तेही दिसत होतं. आदल्या दुपारी मी इथेच बसलो होतो की. दुर्बीण चांगली आहे, तुझा पार्श्वभाग लगेच ओळखला."

"मग लावलेत कशाला टोमॅटो?"

"अरे गाढवा, एवढा डोंगर झाकून आलास तू. त्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं आणू?"

"आणि गावाला का नाही सांगितलंत?"

"घंटा डोरीनने वाजवली होती." आजोबांनी काठीने माती उकरली. "ती एकदा तरी चुकावी म्हणून मी चाळीस वर्षं वाट बघतोय. हवा बदलली असती तर सांगितलंच असतं. आज सांगायलाच निघालो होतो, पण फाटकापर्यंत जायला मला अर्धा तास लागला. तेवढ्यात तुमचं बदक उगवलं."

फाटक आमच्यापासून दहा पावलांवर आहे. मी फाटकाकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"मग उद्या चला ना," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत होतं तर अडचण काय?"

आजोबांनी एका बादलीची कडी वरखाली केली. "भूल देतात ना रे," ते म्हणाले, "त्यातून सगळे जागे होतात का?"

मला वाटलं होतं हा माणूस टोमॅटोसाठी अडलाय. तो टोमॅटोच्या मागे लपला होता. आणि आम्ही सगळे, डॉक्टर धरून, टोमॅटोशी भांडत बसलो होतो.

"होतात," मी म्हणालो.

"तुला काय माहीत? तू टायर विकतोस."

"खरंय. मला माहीत नाही. पण आई आत नळ सोडून रडतेय."

आजोबांनी नळाकडे कान दिला. "आणि मी नाही उठलो तर या झाडांच्या बगलांतले फुटवे कोण काढणार? ती? ती झाडच उपटते."

"मी काढीन."

"तुला फुटवा कुठला आणि फांदी कुठली ते कळतं?"

"उद्या दुपारी जागे झालात की फोनवर सांगा."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर नसलेला तो माणूस टायर घेताना असाच पाहत होता. मग त्यांनी काठी पुढे केली आणि मी त्यांना उठवलं. त्यांचा भार माझ्या खांद्यावर आला, तो मी डोंगर चढताना नेलेल्या ताडपत्रीपेक्षा कितीतरी कमी होता. ते मला अजिबात आवडलं नाही.

"मार्लीस," त्यांनी आईला हाक मारली, "पाणी बंद कर. बिल येतं."

पहाटे गवत पांढरं कुरकुरीत झालं होतं. आई त्यांना घेऊन गेली. मी ऊन येताच एकेक बादली उचलली. खाली हिरवीगार रोपं, जरा चिडलेली. सगळ्या गावात चादरी उचलल्या जात होत्या आणि लोक डोंगराकडे पाहून टोपी काढत होते. मी दिवसभर त्या वाफ्यातच बसलो. दुसरीकडे कुठे बसावंसं वाटेना.

दुपारी फोन वाजला. आवाज घोगरा होता. "पान आणि खोड यांच्या बेचक्यात बघ. तिथून निघतो तो फुटवा. सापडला?"

"सापडला," मी म्हणालो. मला समोरचं काहीच दिसत नव्हतं, डोळ्यांत माती गेली होती.

आजोबा आता तालात चालतात. फाटकापर्यंत जातात, फाटक ओलांडून डोरीनबाईंच्या कुंपणापर्यंतही जातात आणि त्यांची रोपं आपल्या रोपांपेक्षा बुटकी आहेत याची खात्री करून येतात. गावाने जूनमध्ये सभा भरवून एकमताने ठरवलं, की बदक एकदा जाऊन चालत नाही. ते फसवून जातं. यापुढे ते दोनदा गेल्याशिवाय घंटा वाजवायची नाही. ठराव डोरीनबाईंनी मांडला. मी आणि इनाकीने हात वर केले, काय करणार?

सगळं गोड झालं असतं. पण परवा तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, डावा खुबाही झिजत आलाय, पुढच्या वर्षी तोही करून टाकू. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कधीची तारीख देऊ?

"जूनची द्या," आई पटकन म्हणाली. "जूनच्या अखेरची." मला ती इतकी हुशार कधीच वाटली नव्हती. बदक दोनदा काय, चारदा गेलेलं असेल.

आजोबा तिच्यामागे उभे होते, दोन्ही पायांवर. "जूनमध्ये?" ते म्हणाले. "जूनमध्ये झाडांना काठ्या लावायच्या असतात."

मी बाहेर आलो आणि इनाकीला फोन लावला. म्हटलं, बिशेंते काकांच्या गोठ्यात गावभरच्या काठ्या मावतील का?

"किती दिवस?" इनाकीने विचारलं.